शब्दचर्चा : 'सीमाभाग', 'देवदासी' आणि 'यजमान' (बोलणाऱ्यांची नावं त्यांच्या गावांवरून)

पेडणे : अंजली आरोंदेकर यांच्या 'अबंडन्स' (ड्यूक विद्यापीठ, २०२३) या गोमंतक मराठा समाजाच्या, म्हणजे गोव्यातल्या देवळांत सेवा करणाऱ्या घराण्यांतून आलेल्या समाजाच्या, दप्तरावरच्या पुस्तकाचं टिपण मराठीत करायचं आहे. इंग्रजी 'बॉर्डरलँड'साठी 'सीमाभाग' चालेल का? आणि त्यातल्या बायकांना सरसकट 'देवदासी' म्हणावं का?

फोंडा : दोन्ही नकोत. 'सीमाभाग' म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे बेळगाव, निपाणी, कारवार येतात. तो शब्द त्या वादाने अडवून ठेवला आहे. इथे 'सरहद्दीचा मुलूख' लिहा. एक रेघ आणि दोन बाजू एवढाच 'सीमे'चा अर्थ. मुलूख म्हटलं की त्यात राहणारी, ये-जा करणारी माणसंही आली.

'देवदासी'ची अडचण जास्त मोठी आहे. मुंबईचा देवदासी संरक्षण कायदा १९३४ चा, आणि तो ब्रिटिश मुंबई प्रांतापुरता. तुमच्याच बाजूचं उदाहरण घ्या. पेडणे पोर्तुगीजांकडे. सरहद्द ओलांडून बांद्याला गेलं की सावंतवाडी संस्थान. तिथून वेंगुर्ल्याला उतरलं की ब्रिटिशांचा रत्नागिरी जिल्हा, कारण वेंगुर्ले १८१२ पासून त्यांच्याकडे. तिन्ही गावं जवळजवळ, पण हा कायदा लागू फक्त वेंगुर्ल्याला. 'देवदासी' हा त्या कायद्याच्या भाषेतला शब्द. तो पेडण्याच्या बाईला लावला की तिच्यावर नसलेला कायदा आपण तिच्या माथी मारतो.

गोव्यातले शब्द वेगळे आहेत आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. कलावंत म्हणजे गाण्या-नाचण्याची सेवा करणारी घराणी. भाविणीकडे दिवाबत्ती, झाडलोट अशी देवळातली कामं. देवळी हे भाविणीच्या घरातले पुरुष. कागदात जो शब्द असेल तोच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे एका ओळीत अर्थ द्या. 'कलावंत'च्या बाबतीत हे विसरलात तर आजचा वाचक सरळ नट-चित्रकार असा अर्थ लावतो आणि वाक्याचा अर्थच पालटतो.

मडगाव : त्यात सालाचीही भर घाला. मंगेशीचा देव मंगेश सोळाव्या शतकात कुठ्ठाळीहून प्रियोळला गेला तो पोर्तुगीज मुलखातून आदिलशाहीत. फोंडा पोर्तुगीजांकडे कायमचा आला १७६३ मध्ये. म्हणजे अंत्रुजातल्या (फोंडा भागातल्या) देवळांतली सेवा उभी राहिली तेव्हा ती सरहद्दीपलीकडे होती. म्हणून 'पोर्तुगीज गोव्यातली कलावंत' लिहिण्याआधी गाव जुन्या काबिजादीतलं (पोर्तुगीजांनी आधी घेतलेल्या मुलखातलं) की नव्या (नंतर घेतलेल्या), ते पाहा. तिसवाडी, बार्देस, साष्टी या जुन्या. फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे वगैरे नव्या. हे न पाहता लिहिलेली परीक्षणं मला वाचवत नाहीत.

पेडणे : आणि 'यजमान'? एका मसुद्यात तो 'ग्राहक' झालाय, दुसऱ्यात 'पती'.

मडगाव : दोन्ही काढा. यज्ञ करवणारा आणि घरधनी हे दोन अर्थ सगळीकडे चालतात. गोव्यात तिसरा आहे, कलावंत बाईचा आश्रयदाता. हे नातं बहुधा वर्षानुवर्षांचं, त्यात खर्च, घर, मुलं सगळं येतं. 'ग्राहक' लिहिलं की तो एका रात्रीचा व्यवहार होतो; 'पती' लिहिलं की कायद्याने नसलेलं लग्न आपण लावून देतो आणि वारसाहक्काचे वाद वाचकाला कळेनासे होतात. 'यजमान'च ठेवा.

फोंडा : जाता जाता : 'सेक्शुअॅलिटी'ला 'लैंगिकता', 'जेंडर'ला 'लिंगभाव'. सुटं 'लैंगिक' विशेषण मात्र टाळा. 'लैंगिक इतिहास' नको, 'लैंगिकतेचा इतिहास' हवा. आणि 'अबंडन्स'साठी 'विपुलता' घ्या, 'समृद्धी' नको, तिला पैशाचा वास येतो. आरोंदेकरांचा मुद्दा असा की लैंगिकतेचा इतिहास हरवलेल्या कागदांच्या शोधातच लिहायला हवा असं नाही. या समाजाने स्वतःचे कागद मुंबईत आणि गोव्यात भरपूर जपले आहेत, मराठी, कोंकणी, पोर्तुगीज अशा भाषांत. म्हणून टिपणात प्रत्येक उताऱ्याशेजारी मूळ कागद कोणत्या भाषेतला ते लिहा. मराठी कागदाचं इंग्रजी झालेलं असेल तर ते परत मराठीत आणू नका, मूळच मिळवा.