300 किलोमीटरची तयारी, वय 64 : खाण्याचं आणि मिठाचं गणित कसं बसवायचं?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. मी बेळगावातल्या टिळकवाडीचा, वय 64, वजन 61 किलो. 200 किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) साडेतेरा तासांच्या आत झाली आहे. आता 300 करायची, म्हणजे 20 तासांची मुदत.

गेल्या महिन्यात आंबोलीहून परतताना शिनोळीजवळ बोटं सुजली, अंगठी फिरेना, मळमळायला लागलं. वाटलं, पाणी कमी पडलं. म्हणून रस्त्याकडेला बसून अजून एक बाटली घशात ओतली. तिथंच चुकलं! दिवसभर नुसतं साधं पाणी पीत होतो, रक्तात सोडियम उतरलेलं निघालं. त्यात माझी बीपीची गोळी लघवी वाढवणारी, तिनंही सोडियम कमी होतं म्हणे. आता डॉक्टर म्हणतात मीठ कमी खा, आणि सायकलवाले म्हणतात मीठ घे. दोघांच्या मधे मी!

दुसरं, मांड्या उतरल्यात. या वयात व्यायाम करणाऱ्यानं किलोमागे निदान 1.2 ग्रॅम प्रथिनं घ्यावीत, म्हणजे मला 73 ग्रॅम. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, शेंगाचटणी, दोन अंडी एवढं खाऊनही तिथवर पोचत नाही. (कुंदा, बेळगावची मिठाई, मोजत नाही, तो खिशात असतोच.)

साठी ओलांडलेल्यांपैकी बीपीची गोळी घेऊन लांब पल्ला मारणारं कोण आहे काय? वाटेत ओआरएस किती, कधी घेता? राइडच्या दिवशी गोळीच्या वेळेचं डॉक्टरांना नेमकं काय विचारलंत? आणि रात्री चावायचा कंटाळा येतो तेव्हा पोटात काय ढकलता?