वर्डची फाइल उघडताच काळी विंडो आली आणि गेली, अँटिव्हायरस गप्प

छापखाना_मिरज: पेजमेकरसाठी (पानं मांडायचा जुना प्रोग्राम) एक मशीन अजून विंडोज ७ वर ठेवलंय, त्यावरच ऑफिस २००७ आहे. अँटिव्हायरस दरवर्षी पैसे भरून घेतो. परवा मेलवर गणिताची प्रश्नपत्रिका आली. वर्डमध्ये उघडली तर क्षणभर काळी विंडो आली आणि गेली. मॅक्रो (फाइलमध्ये दडलेले छोटे प्रोग्राम) बंद आहेत, मी कशालाही 'ओके' दिलं नव्हतं. अँटिव्हायरसने हूं की चूं केलं नाही. सहा शाळांचे पेपर याच मशीनवर आहेत. घाबरलोय.

रात्रपाळी: फॉरमॅट मारा, विषय संपवा.

दुरुस्तीवाला_सांगली: फॉरमॅट करायचाच आहे, पण आधी नेटची वायर काढा. पेपरांच्या पीडीएफ नव्या पेनड्राइव्हवर घ्या, वर्डच्या फाइली घेऊ नका.

गणिताचा पेपर म्हणालात म्हणून विचारतो. प्रोग्राम फाइल्स, कॉमन फाइल्स, मायक्रोसॉफ्ट शेअर्ड, इक्वेशन या फोल्डरमध्ये ईक्यूएनईडीटी३२ आहे का? त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये व्हर्जन बघा. २०००.११.९.० असेल तर पॅच, म्हणजे चूक दुरुस्त करणारं अपडेट, बसलेलाच नाही. हा इक्वेशन एडिटर, जुन्या वर्डमध्ये समीकरणं लिहायला हाच लागायचा. त्यातली चूक सतरा वर्षं कुणाला दिसली नाही, पॅच आला नोव्हेंबर २०१७ मध्ये, ऑफिस २००७ लाही. जानेवारी २०१८ च्या अपडेटने तर मायक्रोसॉफ्टने तो काढूनच टाकला.

या चुकीला मॅक्रो लागत नाही, फाइल उघडली की पुरे. अँटिव्हायरस मुख्यतः ओळखीची फाइल पकडतो. रोज थोडी बदललेली फाइल त्याला नवखी वाटू शकते. एक्सप्लॉइट प्रोटेक्शन (अशा चुकांचा गैरफायदा रोखणारं सॉफ्टवेअर) मात्र प्रोग्राम काय करतोय ते बघतं: वर्डला पॉवरशेल, म्हणजे विंडोजला हुकूम देणारं साधन, कशाला हवी? पण हा इक्वेशन एडिटर वर्डच्या बाहेर, स्वतंत्र चालतो. त्यामुळे फक्त वर्डला घातलेलं कुंपण त्याला लागत नाही. म्हणून पॅच आधी, असलं सुरक्षेचं सॉफ्टवेअर नंतर. आणि मेल त्या मशीनवर अजिबात उघडू नका, त्यावर फक्त पेजमेकर चालू दे.

छापखाना_मिरज: बघितलं. २०००.११.९.० च आहे. वायर काढली. पीडीएफ घेतोय, चार शाळांच्या झाल्या. पण फॉरमॅटनंतर जुन्या पेपरांतली समीकरणं दिसतील का?

दुरुस्तीवाला_सांगली: दिसतील, छापताही येतील. एडिटर काढलेला असला तर बदलता येणार नाहीत, नव्याने टाइप करावी लागतील. मेलचा पासवर्ड आजच बदला, पण दुसऱ्या मशीनवरून.