दोनरंगी त्रिकोणांचे ब्लॉक साडेतीन इंच भरतच नाहीत

उरलेसुरले
क्विल्टमध्ये साधे चौकोन साडेतीन इंचांचे (जोडल्यावर तीन) आणि मधेमधे दोनरंगी त्रिकोणांचे तेवढेच ब्लॉक, असं डिझाइन आहे. त्रिकोणांसाठी ३ ७/८ इंचांचे चौकोन कापते, फिक्या कापडाच्या उलट बाजूवर कर्ण आखते, तो गडद चौकोनावर ठेवून रेघेच्या दोन्ही अंगांना पाव इंचावर टीप मारते आणि रेघेवर कापते. उघडून इस्त्री केली की ब्लॉक ३ ७/१६ भरतो, काही तर ३ ३/८. आठ ब्लॉकची ओळ साध्या चौकोनांच्या ओळीपेक्षा बोटभर आखूड येते. वर काही ब्लॉक एका कोपऱ्याकडे पतंगासारखे ओढले गेलेत. ताणून जुळवले तर त्रिकोणांची टोकं शिवणीत गडप होतात. मशीनला पाव इंची फूट (सुईखाली कापड दाबणारा भाग) लावलाय, कटरचं पातं नवं आहे. चूक शोधू कुठे?

सरळटीप
कापणं ठीक दिसतंय, शिवण तपासा. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या एकमेकींना जोडा, इस्त्री करा आणि मधली मोजा. बरोबर एक इंच भरायला हवी. कमी भरली तर फुटाच्या पाकिटावर काहीही छापलेलं असो, तुमच्या मशीनवर ती टीप पाव इंची नाही. कापड शिवणीवरून दुमडतं तिथेही थोडी जागा खातं, म्हणून टीप पाव इंचाच्या एखादा धागा अलीकडेच हवी. सुई किंचित उजवीकडे सरकवा. सुईखाली एका भोकाची प्लेट असेल तर मात्र सरकवू नका, सुई मोडेल.

तिरक्या शिवणीचा हिशेब निर्दयी असतो. टीप जेवढी जास्त आत जाते, त्याच्या सुमारे १.४ पट ब्लॉक आटतो. नेमकी पाव इंचावर पडली तरी ३ ७/८ मधून ३.५२ च्या आसपास उरतात. म्हणजे चुकायला वाव जवळपास नाहीच. टीप १/१६ आत गेली की ३ ७/१६. तुमचाच आकडा!

मी त्या ७/८ च्या फंदात पडत नाही. सरळ चार इंच कापतो आणि छाटून साडेतीन करतो. कंटाळवाणं काम आहे, मान भरून येते, पण ओळी जोडताना डोकं शांत राहतं. छाटताना मोजपट्टीची ४५ अंशांची रेघ शिवणीवर बसवायची. कापडाच्या कडेकडे बघायचंच नाही, ती आधीच वाकडी असू शकते. साडेतीनच्या दोन्ही रेघांबाहेर थोडं कापड डोकावतंय ना, ते बघून दोन बाजू छाटा. मग ब्लॉक अर्धा फिरवा, ताज्या कडा साडेतीनच्या रेघांवर ठेवा आणि उरलेल्या दोन बाजू छाटा.

पतंग होतो तो बहुतेक इस्त्रीमुळे. कर्णावरची कड उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरकी असते, घासली की ताणते. ब्लॉक बंद असतानाच आधी शिवणीवर इस्त्री टेकवा, मग उघडून माया (शिवणीबाहेरचं कापड) गडद कापडाकडे वळवा. इस्त्री उचलायची, ठेवायची. वाफ नको.

गाठनिरगाठ
सरळटीप यांचं पटतं, पण प्रत्येक ब्लॉकमागे चिंध्या किती निघतात! मी कापण्याआधीच कापडाला कडक स्टार्च करते, त्यामुळे उरेब कडा मुकाट्याने वागतात. आणि शिवते आठ-आठच्या हिशेबाने. आठ इंचांचे दोन चौकोन सुलट बाजू आत ठेवून एकावर एक, दोन्ही कर्ण आखायचे, प्रत्येकाच्या दोन्ही अंगांना टीप. मग न हलवता मधोमध उभं आणि आडवं कापायचं, शेवटी कर्णांवर. साडेतीनला छाटायचे आठ ब्लॉक हातात.

चौकोनाच्या चारही कडा शिवून कर्णांवर कापायची चार-चारची पद्धत झटपट असते, पण तिच्यात ब्लॉकच्या बाहेरच्या चारही कडा उरेब येतात. आधीच पतंग होत असतील तर तिच्या वाटेला जाऊ नका.

सरळटीप
न हलवता म्हणताय ते खरं, कापायची फिरती मॅट हवी. पहिला काप किंचित सरकला की आठही ब्लॉक गेले.

उरलेसुरले
पट्ट्या जोडून बघितल्या. मधली ७/८ भरली! म्हणजे दोन्ही शिवणी १/१६ ने जास्त. सुई सरकवून पुन्हा जोडल्यावर एक इंच आली. नवे चौकोन चार इंचांचेच कापते आता. पण शिवून झालेल्या ढिगाचं काय करू? उसवू?

गाठनिरगाठ
अजिबात नको. उसवताना उरेब कड ताणणार, मग ती कशानेच जागेवर येत नाही.

सरळटीप
उसवू नका. त्या ढिगातला सगळ्यात लहान, सगळ्यात वाकडा ब्लॉक शोधा आणि तो सव्वातीनला छाटून निघतो का बघा. निघाला तर सगळेच सव्वातीनला छाटा, साधे चौकोनही तेवढेच करा. जोडल्यावर प्रत्येक घर तीनऐवजी पावणेतीन येईल. बॉर्डर मात्र आधीच कापून ठेवली असेल तर ती पुन्हा मोजा.