गावची टीम की आवडता खेळाडू? तुमचे किस्से येऊ द्या

वर्धारोडवाला
काल ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी मुंबईकडून खेळलेल्या वसीम जाफरचा विदर्भाच्या टोपीतला फोटो टाकला आणि खाली एका मुंबईकराने लिहिलं, "आमचा माणूस, तुम्हाला उसना दिला होता." झालं, डोकंच फिरलं. रात्रभर तेच.

म्हणजे बघा, आम्ही नागपूरला वाढलो तेव्हा रणजी ट्रॉफीत विदर्भ म्हणजे समोरच्याला हमखास पॉइंट. घरात बाबा मुंबईचे सपोर्टर, जन्म धंतोलीत, नोकरी नागपुरात, मुंबईत एक नातेवाईक नाही, तरी मुंबईचे. विचारलं की म्हणायचे, "अरे जिंकणारी एक तरी टीम पाहिजे ना माणसाला." गावस्कर, वेंगसरकर, मग सचिन. विदर्भाचा स्कोअर पेपरात अगदी खाली बारीक अक्षरात असायचा, तो बाबा वाचायचे पण कुणाला कळू न देता.

मग जाफर आमच्याकडे आला, चंदू पंडित कोच झाले, आणि 1 जानेवारी 2018 ला इंदूरला दिल्लीला हरवून पहिली रणजी. गुरबानीची हॅटट्रिक, वाडकरची सेंच्युरी, फैज फझल कॅप्टन. मी पुण्यात होतो, बाबांना फोन लावला तर उचलेचनात. आईने उचलला, म्हणाली, "टीव्हीसमोर उभे आहेत, बसा म्हटलं तर बसत नाहीत." थोड्या वेळाने स्वतः फोन केला आणि पहिलं वाक्य काय, तर "शेवटी क्रीजवर जाफरच होता बरं का." म्हणजे विदर्भ जिंकलं याचा आनंद तर आहेच, पण मुंबईचा माणूस तिथे होता त्यामुळे पन्नास वर्षांची निष्ठा पण शाबूत! सोयीस्कर एकदम.

तर तुमचं काय? टीम आधी की माणूस आधी? माणूस टीम सोडून गेला तर तुम्ही कुणाबरोबर? लिहा.

मिरचीभजी
पहिली मी 😄
नंतर लिहिते, दूध गॅसवर आहे.

शेवटची ओव्हर
मुंबईकर आलेला आहे. शिव्या घाला.

उसना वगैरे काही नाही, जाफर तिकडे जाऊन 2018-19 ला हजाराच्या वर रन काढतो, तेही चाळिशी ओलांडल्यावर, तेव्हा आम्हाला वाईटच वाटलं की आपल्याकडे का नाही. पण तुमच्या बाबांनी जिंकणारी टीम म्हणून मुंबई धरली हे वाचून हसू आलं, कारण मला मुंबई लागली ती हरताना. 1991 ची रणजी फायनल, वानखेडे, हरियाणा. काका घेऊन गेले होते. शेवटच्या दिवशी 355 पाहिजेत, सचिन 96 वर गेला, वय अठरा, काय मारत होता तो, आणि वेंगसरकर एका बाजूने उभा. शेवटचा गडी कुरुविला. दोन रन कमी पडले आणि रनआऊट. वेंगसरकर 139 नॉटआऊट आणि ग्राउंडवर रडतोय. आम्ही ज्याला कर्नल म्हणायचो तो रडतोय! तोपर्यंत मला वाटायचं मोठी माणसं फक्त मयताला रडतात. काका परत येताना चर्चगेटपर्यंत एक शब्द बोलले नाहीत, स्टेशनवर मला उसाचा रस पाजला आणि म्हणाले घरी सांगू नको मी पण रडलो ते.

त्यानंतर मुंबईने किती जिंकल्या, टोटल 42 झाल्यात, पण मला एवढं नीट आठवते ती हरलेलीच.

पेठेतली सून
क्रिकेटवाले बाजूला व्हा जरा. फुटबॉल येऊ दे.

माहेर मंगळवार पेठ, सासर शिवाजी पेठ. कोल्हापूरकरांना पुढचं सांगायलाच नको. आमच्याकडं तालमींच्याच फुटबॉल टीम, माहेरी पाटाकडील तालीम (पीटीएम), सासरी शिवाजी तरुण मंडळ. लग्न ठरताना पत्रिका, हुंडा, मानपान काही विषय नाही, सासऱ्यांनी एकच विचारलं, "पोरगी मॅच बघती काय?" वडील म्हणाले बघती. "कुणाची?" तिथं सगळे गप्प. मग माझ्या आत्यानं चहा आणला म्हणून वाचलो.

शाहू स्टेडियमला पीटीएम विरुद्ध शिवाजी असली की आमच्या घरात सकाळपासून तोंडं फिरवलेली असतात. नवरा स्कूटरवर पुढे, मी मागे, गेटपर्यंत एकत्र, आत गेलं की तो त्याच्या पोरांत आणि मी माझ्या भावाकडं. एकदा आम्ही जिंकलो, मी घरी आले तर सासूबाईंनी रश्शात मीठच घातलं नव्हतं. विचारलं तर म्हणाल्या, "आज चवच गेली बघ सगळ्यांची." 😂

आता लेक मोठी झाली. ती कुणाची? मेस्सीची. 2022 च्या वर्ल्डकपला आख्खी गल्ली अर्जेंटिना विरुद्ध ब्राझील, पोस्टर, पताका, आणि आजोबा तिला विचारतात, "बाळ, तुझा तो मेस्सी कुठल्या तालमीचा?"

कट्ट्यावरचा
@पेठेतली सून लई भारी!! खंडोबा तालीम इथं. तुम्ही दोघी पार्ट्या भांडत बसा, कप आम्ही नेतो.

पेठेतली सून
आलास काय लगा. जा, सराव कर.

कट्ट्यावरचा
आमच्याकडं पण तोच प्रॉब्लेम आहे जो धाग्यात विचारलाय, पोरगं एका तालमीत तयार होतंय, पेठ त्याला खांद्यावर घेतीय, आणि पुढच्या सीझनला दुसऱ्या तालमीची जर्सी. माझा एक दोस्त असाच गेला. त्याच्याविरुद्ध पहिली मॅच होती तेव्हा आम्ही त्याला इतकं बोललो, इतकं बोललो की त्याची आई पण स्टँडमध्ये होती हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं. ती उठली आणि म्हणाली "अरं जेवायला माझ्याकडंच येताय न्हवं रोज?" सगळे गार. गोल त्यानंच मारला शेवटी. रात्री जेवायला गेलो की.

गहुंजे रिटर्न्स
पुणेकरांची व्यथा कुणाला सांगायची. आम्हाला टीमच मिळत नाही हो टिकणारी. आयपीएलमध्ये पुणे वॉरियर्स आली, तीन सीझन, गेली. मग रायझिंग पुणे, दोन सीझन, त्यातल्या दुसऱ्यात फायनल, समोर मुंबई, टार्गेट 130, शेवटच्या ओव्हरला 11 हवेत, आणि एका रनने हरलो. एका!! मुंबईच्या मित्रांनी त्या रात्री जे मेसेज पाठवले ते अजून जपून ठेवलेत, वेळ आली की वापरणार. आणि मग टीमच बंद. माणसाने सूड घ्यायचा तरी कुणाकडून कुणासाठी.

त्या टीममध्ये धोनी होता म्हणून माझा भाऊ पुण्याचा झाला होता. 2018 ला बंदी संपून चेन्नई परत आली, हा दुसऱ्या दिवशी पिवळा. बंदिवानासारखी जर्सी लपवून ठेवली होती म्हणे कपाटात दोन वर्षं. पण त्याच वर्षी चेन्नईच्या मॅचेस पुण्याला हलवल्या, आणि गहुंज्याचं आपलं स्टेडियम सगळं पिवळं. आपल्याच गावात आपण पाहुणे. मी मात्र केदार जाधव माणूस. जानेवारी 2017, इंग्लंड, 351 चेस, केदार 120, समोर कोहली 122, आणि केदारचे आईवडील स्टँडमध्ये. क्रॅम्प आलेत, लंगडतोय आणि सिक्स मारतोय. पुण्याचा पोरगा पुण्यात. याला म्हणतात गावची टीम.

शेवटची ओव्हर
ते मेसेज मीच पाठवले असतील 😁

गहुंजे रिटर्न्स
पत्ता द्या. चितळे बाकरवडी पाठवतो, एक्सपायरी झालेली.

फातोर्डा ईस्ट
गोव्यातून. आमच्या घरात फुटबॉल, म्हणजे धेंपो क्लब. पप्पा धेंपोचे, काका साळगावकरचे, आणि चतुर्थीला एकत्र जमले की आरतीनंतर तोच वाद. धेंपोने पाच वेळा नॅशनल टायटल घेतलं, हे पप्पा मोदक वाढताना पण सांगायचे. मग 2016 ला धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग हे तिन्ही गोव्याचे क्लब आय-लीग या देशाच्या फुटबॉल लीगमधून बाहेर पडले. काका पहिल्यांदा पप्पांना म्हणाले, आता भांडायला पण काही उरलं नाही.

एफसी गोवा आली तेव्हा पप्पा म्हणायचे हा काय क्लब, सिनेमाचा सेट आहे. तरी 2015 च्या फायनलला फातोर्ड्याला आले माझ्याबरोबर. समोर चेन्नईयिन. 87 व्या मिनिटाला आम्ही 2-1, मी पप्पांना मिठी मारली, लोक खुर्च्यांवर. त्यानंतर दोन गोल खाल्ले शेवटच्या क्षणी, त्यातला एक ओन गोल. पप्पा तेवढंच म्हणाले, "ब्रह्मानंद असता तर." ब्रह्मानंद शंखवाळकर म्हणजे पप्पांच्या लेखी गोलकीपर हा शब्द तिथेच संपला. पण गंमत बघा, त्या दिवसापासून ते एफसी गोवाचे. जिंकून नाही झाले, मार खाल्ला तेव्हा झाले.

मिरचीभजी
दूध उतू गेलं. असो.

माझा किस्सा कबड्डीचा. आम्ही चंदगडकडचे. सिद्धार्थ देसाई हुंदळेवाडीचा, आमच्याच पट्ट्यातला, त्यामुळे तो प्रो कबड्डीत यू मुंबाकडून खेळायला लागला तशी आमच्याकडची आख्खी जनता यू मुंबाची झाली. माझा नवरा पुण्याचा, पुणेरी पलटणवाला. घरात एकच टीव्ही. मग पुढच्या वर्षी लिलाव, सिद्धार्थ 1 कोटी 45 लाखांना तेलुगू टायटन्सकडे. माझ्या आजोबांना नातवाने सांगितलं, तर ते म्हणाले, "मग आता तेलुगू म्हणजे आपली टीम." एका मिनिटात! ना दुःख ना काही. हैदराबाद कुठल्या दिशेला आहे हे पण त्यांना विचारून घ्यावं लागलं असेल. तर आजोबांचं उत्तर: माणूस आधी.

नवऱ्याचं उत्तर: टीम आधी. दहा सीझन वाट बघितली, 2024 ला पलटण जिंकली, अस्लम इनामदार कॅप्टन, हरियाणाला 28-25. रात्री साडेनऊला त्याने बिल्डिंगमध्ये पेढे वाटले. लोकांना वाटलं मला दिवस गेलेत. दोन दिवस अभिनंदन घेत होते मी.

आजीचा चष्मा
@मिरचीभजी हसून हसून ठसका लागला. खरंच काही नाही ना? 😄

मिरचीभजी
नाही हो!! दोन आहेत तेवढे पुरे.

वांद्रे लोकल
कुणी 2024 चा विषय काढत नाही म्हणून काढतो. मुंबई इंडियन्सने रोहितची कॅप्टन्सी काढून हार्दिकला दिली, आणि वानखेडेवर आपल्याच कॅप्टनला आपलेच लोक बू करतायत. 1 एप्रिलला राजस्थानच्या मॅचला टॉसच्या वेळी मांजरेकरला पब्लिकला सांगावं लागलं की नीट वागा. मी तिथे होतो. माझ्या शेजारी एक गृहस्थ, साठीचे असतील, व्यवस्थित इन केलेला शर्ट, टिफिनमधून थालीपीठ काढून मलाही दिलं, आणि हार्दिकचं नाव आलं की तोंडात घास असताना बू. मी म्हटलं काका, टीम आपलीच आहे. म्हणाले, "टीम आपली आहे म्हणूनच." यावर काय बोलणार. थालीपीठ छान होतं.

आणि त्याच हार्दिकने जूनमध्ये वर्ल्डकप फायनलची शेवटची ओव्हर टाकली तेव्हा याच लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. मला दोन्ही वेळा पटलं नाही. इतकं पटकन फिरता येत नाही मला.

वर्धारोडवाला
रोहितचा जन्म नागपूरच्या बनसोडचा आहे. फक्त माहितीसाठी.

शेवटची ओव्हर
सुरू झालं 😂 बोरिवलीत वाढला तो. वाढवतो तो बाप.

वर्धारोडवाला
काहून? मग रहाणे तुमचा कसा, तो संगमनेरकडचा. झहीर श्रीरामपूरचा. तुमचं स्वतःचं काय आहे बे, फक्त लोकल ट्रेन?

शेवटची ओव्हर
अहो लोकल ट्रेनमध्येच तर तयार होतात सगळे. किट बॅग घेऊन गर्दीच्या वेळी डब्यात चढता आलं की फास्ट बॉलिंग सोपी वाटते. बाकी फेब्रुवारी 2025 च्या मुंबई-विदर्भ रणजी सेमीफायनलबद्दल मी बोलणार नाही.

वर्धारोडवाला
मी बोलतो ना. जामठा, आमचं नागपूरचं स्टेडियम. पार्थ रेखडेची एकच ओव्हर. रहाणे, सूर्या, दुबे, तिघं आऊट. मॅच 80 रनने जिंकलो. नंतर केरळला फायनलमध्ये पहिल्या डावाच्या लीडवर धरलं, तिसरी रणजी. करुण नायर तेव्हा कर्नाटकातून आमच्याकडे आला होता, त्याला पण आम्ही आमचा म्हणायचो, येऊन रन काढा आणि सावजी पचवा, दोनच अटी.

यारा नदीकाठी
मेलबर्नहून. तुमच्याकडे निदान सगळे एकाच देशाचे आहात. माझा मुलगा इथे जन्मला, शाळा इथली, मित्र इथले. 19 नोव्हेंबर 2023, अहमदाबादची वर्ल्डकप फायनल, आम्ही तीन मराठी कुटुंबं एका घरात, पोहे-बटाटेवडे सगळी तयारी. ट्रॅव्हिस हेडने 137 केले आणि सोफ्यावर एकच प्राणी उड्या मारतोय, तो आमचा. हॉलमध्ये अशी शांतता की वड्याचं तेल निथळतंय ते ऐकू यावं. एका काकांनी त्याला जवळ घेऊन विचारलं, बाळा तू कुणाचा? म्हणतो, "माझी टीम ऑस्ट्रेलिया, पण माझा प्लेयर कोहली." 

बायको म्हणाली त्याला झोपायला पाठव. मी म्हटलं असू दे, घरात कुणीतरी खूश आहे.

आजीचा चष्मा
@यारा नदीकाठी पोरगं हुशार आहे. 2012 ला ईडनवर हेच झालं होतं, गांगुली पुण्याकडून कोलकात्यात खेळायला गेला आणि अर्ध स्टेडियम घरच्या टीमच्या विरुद्ध. माझी भाची तेव्हा तिकडे नोकरीला, ती सांगत होती की शेजारचे बंगाली कुटुंब, आई केकेआर म्हणजे कोलकात्याची, बाबा दादाचे म्हणजे गांगुलीचे, मुलाच्या एका गालावर एक आणि दुसऱ्या गालावर दुसरं रंगवलेलं. जिंकली केकेआर. बाबा जेवले नाहीत म्हणे.

कट्ट्यावरचा
@आजीचा चष्मा तुमची टीम कुठली ते सांगितलंच नाहीत?

आजीचा चष्मा
माझी? सांगली. म्हणजे आमच्याकडे टीम नाही, पण विजय हजारे आमचे, त्यामुळे आम्हाला आयुष्यभर कुणालाही नावं ठेवायचा अधिकार आहे.

गहुंजे रिटर्न्स
भडंग पण तुमचंच, त्यामुळे माफ.

मिरचीभजी
भडंगवरून आठवलं, शाहू स्टेडियमबाहेर आता काय मिळतं खायला? दिराचं कुटुंब कोल्हापूरला जाणार आहे, पोरांना मॅच दाखवायचीय.

पेठेतली सून
शेंगा घ्या, भेळ घ्या, आणि कुठल्या बाजूला बसायचं ते आधी मला विचारा. चुकीच्या स्टँडमध्ये चुकीच्या गोलला टाळ्या वाजवल्या तर मी जबाबदार नाही.

वांद्रे लोकल
@वर्धारोडवाला एक सिरीयस प्रश्न. पुढच्या सीझनला मुंबईची मॅच तुमच्याकडे पडली तर जामठ्याला जायचं कसं? गाडी नाहीये.

वर्धारोडवाला
मेट्रोने खापरी, पुढे ऑटो. ऑटोवाल्याला मुंबईहून आलो सांगू नका, भाडं वाढवेल. डबा घरून आणून देतो, थालीपीठ नाही मिळणार.