मदत हवी आहे: व्हिममध्ये मराठी लिहिताना आज्ञाच चालत नाहीत

नमस्कार मंडळी,

आजीने सांगितलेल्या जात्यावरच्या ओव्या मी टंकतो आहे. चारशेच्या वर झाल्या. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स आहे आणि त्यात व्हिम हा मजकूर लिहायचा एडिटर. त्यात एस्केप दाबलं की अक्षरांच्या कळाच आज्ञा होतात. ओळी हलवणं, एकच ओवी निरनिराळ्या पाठांत शोधणं, यासाठी माझा हात त्यावरच बसलाय. त्यामुळे 'दुसरा एडिटर घ्या' हा सल्ला कृपया नको.

मी इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्ड-मांडणीत लिहितो. ओवी संपली की एस्केप दाबतो आणि नको असलेली ओळ खोडायला दोनदा डी दाबतो. पण कीबोर्ड अजून मराठीतच असतो आणि त्या कळेवर हलन्त आहे, म्हणून ओळ जागची हलत नाही. कर्सर हलवायच्या एच, जे, के, एल वर प, र, क, त. चूक मागे घ्यायच्या यू वर ह. कोलनच्या जागी छ, म्हणजे फाइल जतन करायलाही आधी इंग्रजीत यायचं. एकेका ओवीला चारचारदा भाषा बदलून मूळ चालच डोक्यातून निसटते, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटतं.

लँगमॅप, म्हणजे मराठी अक्षर आलं तरी व्हिमने ते इंग्रजी आज्ञा समजावं अशी सोय, करून पाहिलं. व्यंजनांच्या कळा जुळल्या, मात्रांच्या काही केल्या जुळेनात. आणि डी, ई, ए, एस, डब्ल्यू, एक्स या रोजच्या आज्ञांवर नेमक्या मात्रा, हलन्त नाहीतर अनुस्वार!

एस्केपपर्यंत बोट ताणायला नको म्हणून अनेकजण जे-के ही जोडी वापरतात. मराठीत ती 'रक' होते. तशी नेमली तर 'रक्त' आणि 'नरक' लिहिता येईना. बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास व्हीआय, म्हणजे व्हिमचा पूर्वज, लिहिला तो एडीएम-३ए टर्मिनलवर. तिथे एस्केप आजच्या टॅबच्या जागी होती, त्यांना ती जवळच होती.

लिहिताना मराठी आणि आज्ञा देताना आपोआप इंग्रजी, असं काही करता येतं का?

प्रतिसाद १

येतं. लँगमॅप सोडा, व्हिमचा स्वतःचा कीमॅप, म्हणजे कोणत्या कळेला कोणतं अक्षर याची यादी, वापरा. संगणकाचा कीबोर्ड कायम इंग्रजीतच ठेवायचा. व्हिमच्या कीमॅप फोल्डरात एक फाइल करा: आधी 'लोडकीमॅप', मग प्रत्येक ओळीत इंग्रजी कळ आणि तिचं मराठी अक्षर. मात्रा थेट लिहू नका, मोकळ्या जागेला चिकटून दिसतात आणि गोंधळ होतो. त्यांचा युनिकोड क्रमांक द्या, हलन्ताचा ०९४डी. लिहिताना कंट्रोल-६ ने मराठी चालू-बंद होतं. एस्केप दाबलं की आज्ञा इंग्रजीतच चालतात आणि परत लिहायला गेलात की मराठी तसंच चालू असतं. एस्केपसाठी कॅप्स लॉकची कळ नेमा, ती तशीही रिकामीच असते.

धागाकर्ता

मनापासून आभार! दीड तास फाइल करण्यात गेला, पण चालतंय. आर ने एखादं अक्षर बदलतानाही मराठीच उमटतं, हे अपेक्षित नव्हतं. शोधायच्या ओळीत मात्र कंट्रोल-६ वेगळं दाबावं लागलं.

'वाऱ्या'तला ऱ सुरुवातीला विसरलो होतो. तो शिफ्ट-जे वर हवा. ओव्यांत वारा फार येतो, त्यामुळे लगेच कळलं. फाइल कुणाला हवी असेल तर सांगा, इथेच चिकटवतो.