सिंगापूर : डिसेंबरमध्ये सासू-सासरे आणि मुलांसोबत सुट्टीचे दिवस, साधे खाणे आणि निवांत भटकंती यांसाठी सल्ला हवा आहे

तगर :

नमस्कार. नोकरीनिमित्त आम्ही यंदाच सिंगापूरला राहायला आलो आहोत आणि डिसेंबरमध्ये माझे सासू-सासरे काही आठवड्यांसाठी आमच्याकडे येत आहेत. प्रेक्षणीय स्थळांच्या याद्या महाजालावर भरपूर सापडतात, परंतु मला हवी असलेली माहिती थोडी निराळी आहे. शनिवारी किंवा रविवारी घरातून निघावे, साधे पण चांगले काही खावे, मुलांना मोकळेपणी खेळता यावे, वडीलधाऱ्यांना सावलीत बसता यावे आणि कोणीही फार न दमता संध्याकाळी घरी परतावे, असे दिवस मला आखायचे आहेत.

सासूबाई काटेकोर शाकाहारी असून काही दिवशी कांदा-लसूणही वर्ज्य करतात. सासऱ्यांना नवे पदार्थ चाखायची हौस आहे, मात्र तेही शाकाहारीच आहेत आणि गुडघ्यांमुळे त्यांना सलग फार चालवत नाही. मुले चार आणि नऊ वर्षांची आहेत. अशा कुटुंबाने हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखाली अनेक खाद्यपदार्थांचे स्टॉल असलेल्या ठिकाणी, जावे का, की सरळ भारतीय उपाहारगृहेच गाठावीत, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

दूरदेशी :

तगर, हॉकर सेंटर अजिबात टाळू नका. येथील हॉकर संस्कृतीचा युनेस्कोने २०२० मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला, आणि एका छपराखाली चिनी, मलाय व तमिळ स्वयंपाक शेजारी शेजारी कसा नांदतो हे सासऱ्यांसारख्या हौशी माणसाने प्रत्यक्ष पाहायलाच हवे. फक्त कोणत्या सेंटरमध्ये, कोणत्या वेळी आणि काय मागायचे हे घरातूनच ठरवून निघा. माझ्या मते येथे दिवसाची आखणी स्थळापासून सुरू न करता जेवणापासून सुरू करावी. शाकाहारी माणसांची पोटभर सोय कोठे होईल ते आधी निश्चित करावे आणि मग त्याच परिसरातील एखादी बाग, देऊळ किंवा ग्रंथालय निवडावे. उलट क्रमाने गेल्यास भर दुपारी भुकेलेली मुले आणि दमलेले आजी-आजोबा घेऊन दुकाने धुंडाळावी लागतात.

शाकाहाराबाबत एक गोष्ट नीट समजून घ्यावी. ज्या नूडल्समध्ये फक्त भाज्याच दिसतात त्यांतही ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा सॉस, किंवा डुकराची चरबी असू शकते, आणि मलाय पद्धतीच्या सांबल या मिरचीच्या चटणीत व लक्सा या नूडल्सच्या पदार्थाच्या रश्श्यात सुकी कोळंबी किंवा तिची आंबवलेली चटणी, म्हणजे बेलाचान, बहुधा असतेच. त्यामुळे ‘मांस घालू नका’ एवढे सांगून भागत नाही. सासूबाईंसाठी खात्रीचा मार्ग म्हणजे बौद्ध पद्धतीचे शाकाहारी स्टॉल. बऱ्याच हॉकर सेंटरांमध्ये असा एखादा तरी स्टॉल असतो आणि त्या परंपरेत कांदा-लसूणही वर्ज्य असल्यामुळे त्यांची अडचण आपोआप सुटते. सकाळच्या वेळी तेथे परतलेल्या तांदळाच्या शेवया मिळतात. त्यांच्यावर कोबी, तळलेले टोफू आणि सोयाच्या कुरकुरीत पापड्या असे जे हवे ते काचेमागे बोट दाखवून निवडायचे असते. मात्र सोया आणि गव्हाच्या प्रथिनापासून केलेले काही पदार्थ दिसायला हुबेहूब मांसासारखे असतात, हे सासूबाईंना आधीच सांगून ठेवा, नाहीतर त्या ताटाला हात लावणार नाहीत. अंडे वापरले आहे का, हेही तेथेच विचारून घ्यावे.

पहिल्या दिवसासाठी मी वॉटरलू स्ट्रीट सुचवीन. क्वान इम थोंग हूद चो हे चिनी मंदिर आणि श्री कृष्णन मंदिर तेथे अगदी शेजारी शेजारी आहेत. चिनी मंदिरातून बाहेर पडलेले भाविक चार पावले पुढे येऊन कृष्णाच्या दारापाशीही उदबत्ती लावून हात जोडतात. हे दृश्य तुमच्या सासू-सासऱ्यांना मनापासून आवडेल. तेथून थोड्याच अंतरावर फॉर्च्यून सेंटर नावाची जुनी इमारत आहे, जिच्यात शाकाहारी खाणावळी मोठ्या संख्येने आहेत. जेवण झाले की जवळच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या इमारतीत जावे. तिच्या तळघरातील सेंट्रल पब्लिक लायब्ररीत मुलांसाठी उत्तम विभाग आहे, वातानुकूलन आहे आणि प्रवेश विनामूल्य आहे, त्यामुळे दुपारचा पाऊस त्रासदायक न ठरता मुलांच्या वाचनात निघून जातो.

पावसाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. डिसेंबर हा येथील सर्वाधिक पावसाच्या महिन्यांपैकी एक असतो. एरवी सरी दुपारनंतर कोसळतात, परंतु ईशान्य मोसमी वाऱ्यांचा जोर वाढला तर सलग दोन-तीन दिवसही पाऊस राहतो. म्हणून उघड्यावरचे सर्व कार्यक्रम सकाळी लवकर ठेवावेत आणि प्रत्येक दिवसासाठी छपराखालचा एक पर्याय हाताशी असू द्यावा.

शिंपला :

दूरदेशी यांनी सविस्तर लिहिलेच आहे, त्यात मुलांच्या दृष्टीने थोडी भर घालते. बोटॅनिक गार्डन्सला एक पूर्ण सकाळ द्या. ही बाग १८५९ मध्ये सुरू झाली आणि २०१५ मध्ये तिला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. ऑर्किड बाग सोडली तर प्रवेशाला तिकीट नाही. बोटॅनिक गार्डन्स याच नावाच्या मेट्रो स्थानकाच्या बाजूला जेकब बालास चिल्ड्रन्स गार्डन आहे. त्यात झाडावरचे घर, वाळू आणि पाण्याच्या कारंज्यांत खेळायची जागा आहे, तेव्हा मुलांच्या कपड्यांचा एक जादा जोड आणि टॉवेल बरोबर घ्या. ही मुलांची बाग सोमवारी बंद असते आणि मोठ्यांना मुलाबरोबरच आत सोडतात. आजी-आजोबांना सावलीतल्या बाकावर बसवून तुम्हा दोघांपैकी एकाने मुलांसोबत राहावे, म्हणजे कोणाचीच फरफट होत नाही.

संध्याकाळसाठी मरीना बराज हे माझे सर्वांत आवडते ठिकाण आहे. या धरणाच्या इमारतीचे छप्पर म्हणजे हिरवळीचे विस्तीर्ण मैदान आहे. लिफ्टने वर जाता येते, समुद्रावरचा वारा असतो आणि कुटुंबेच्या कुटुंबे तेथे पतंग उडवत असतात. सूर्यास्त वर्षभर सात वाजण्याच्या सुमारास होतो. त्यानंतर गार्डन्स बाय द बे येथील उंच लोखंडी वृक्षांवरचा प्रकाश आणि संगीताचा कार्यक्रम ७.४५ आणि ८.४५ वाजता पाहता येतो, आणि त्यालाही तिकीट लागत नाही. मात्र दोन्ही ठिकाणांमधले अंतर गुडघेदुखी असलेल्या माणसाला जड वाटेल, म्हणून सासऱ्यांसाठी मधली टॅक्सी करावी.

तगर :

आपण दोघांनीही इतक्या आपुलकीने लिहिले याबद्दल आभारी आहे. लिटल इंडियातील टेक्का सेंटरबद्दल बरेच ऐकले आहे. तेथे भारतीय शाकाहारी पदार्थ मिळतात, परंतु त्याच इमारतीत मासळी आणि मटणाचा बाजारही आहे असे समजले. सासूबाईंना तो वास सहन होत नाही. अशा वेळी काय करावे? शिवाय सासऱ्यांना मधुमेह आहे आणि चहा मात्र दिवसातून अनेकदा लागतो.

दूरदेशी :

वासाची शंका रास्त आहे. टेक्काचे बाजार आणि खाण्याचे दालन एकाच मजल्यावर लागून आहेत, त्यामुळे बाजाराच्या बाजूने न शिरता खाण्याच्या बाजूने शिरले तरी थोडा वास येणारच. माझा सल्ला असा की टेक्काला सासऱ्यांना आणि मोठ्या मुलाला घेऊन वेगळे जावे. सासूबाईंसह सर्वांनी जायचे असेल तेव्हा सेरंगून रोडवरील कोमल विलास बरे. ते १९४७ पासून चालू आहे आणि पूर्ण शाकाहारी आहे. डोसा, भटुरा आणि केळीच्या पानावरचे जेवण तेथे निश्चिंतपणे मागवता येते. जेवणानंतर त्याच रस्त्यावरील वीरमाकाळीअम्मन मंदिरात जाता येईल. रविवारी संध्याकाळी मात्र लिटल इंडियात जाऊ नये. आठवडाभर राबणारे कामगार बांधव त्या दिवशी एकमेकांना भेटायला तेथे जमतात आणि पदपथांवर वृद्धांना व लहान मुलांना चालणे अवघड होते. शनिवारी सकाळी गेलात तर हारवाल्यांची दुकाने नुकती मांडली जात असतात आणि जाई-जुईचे गजरे ओवणारे हात अगदी जवळून पाहता येतात.

चहाबद्दल सांगायचे तर येथे नुसते ‘तेह’ म्हटले की गोड आटवलेल्या दुधाचा चहा येतो, जो सासऱ्यांना मुळीच चालणार नाही. ‘तेह-सी कोसोंग’ मागावा. यात बिनसाखरेचे बाष्पित दूध असते आणि वरून साखर घालत नाहीत. बिनदुधाचा, बिनसाखरेचा हवा असेल तर ‘तेह-ओ कोसोंग’ म्हणावे. तमिळ मुस्लिम स्टॉलवर ‘तेह हालिया’ म्हणजे आल्याचा चहाही मिळतो, पण तोसुद्धा बहुधा गोड दुधाचाच असतो, तेव्हा मागतानाच साखरेबद्दल स्पष्ट बोलावे.

माळरान :

काही व्यावहारिक गोष्टी राहिल्या आहेत. हॉकर सेंटरमध्ये जेवणाची गर्दी साधारण साडेबारा ते दीड या वेळेत असते, तेव्हा मुलांना घेऊन साडेअकरालाच पोहोचावे. मेजावर कागदी रुमालांचे पाकीट ठेवलेले दिसले तर ती जागा कोणीतरी राखलेली आहे असे समजावे. तुम्हीही तसेच पाकीट ठेवून निःशंक रांगेत उभ्या राहू शकता. खाऊन झाल्यावर ताटे स्वतः नेऊन ठेवणे १ सप्टेंबर २०२१ पासून दंडनीय नियमाने बंधनकारक आहे. ताटे ठेवण्याच्या मांडण्या बऱ्याच ठिकाणी हलाल आणि इतर अशा वेगवेगळ्या असतात, म्हणून पाटी वाचून ताट ठेवावे. साफसफाईसाठी प्रत्येक सेंटर अधूनमधून पूर्ण बंद असते आणि त्या तारखा आधी जाहीर होतात, त्या निघण्यापूर्वी पाहून घ्याव्यात.

मेट्रोत खाणे-पिणे निषिद्ध आहे आणि त्यात साधे पाणीही आले. दंड ५०० डॉलरपर्यंत होऊ शकतो. मुलांना स्थानकात शिरण्यापूर्वी पाणी पाजावे. प्रत्येक स्थानकात लिफ्ट असल्यामुळे सासऱ्यांना जिने चढावे लागणार नाहीत, परंतु लिफ्ट कोणत्या बाहेरच्या दाराशी उघडते हे नकाशावर आधी पाहिले, तर जमिनीखालची बरीच पायपीट वाचते.

तगर :

मनःपूर्वक आभार. पहिल्या शनिवारी सकाळी वॉटरलू स्ट्रीट आणि ग्रंथालय, आणि त्यानंतरच्या रविवारी सकाळी बोटॅनिक गार्डन्स असे ठरवले आहे. मरीना बराजचा बेत मात्र ज्या संध्याकाळी आभाळ मोकळे असेल त्या संध्याकाळसाठी ठेवते. घराजवळच्या हॉकर सेंटरमधील शाकाहारी स्टॉलवर मी याच आठवड्यात स्वतः जाऊन, कशात काय घालतात ते विचारून येईन.