शब्दचर्चा: संसदेचं 'ओव्हरसाइट' म्हणजे देखरेख, नियंत्रण की वचक?

वेलांटी:
संसदा कशा चालतात आणि लोकशाहीला त्यांचा नेमका काय आधार होतो, यावर जे संशोधन होतं त्यातला एक लेख मराठीत आणतेय आणि 'पार्लमेंटरी ओव्हरसाइट'पाशी अडकलेय. परिभाषेत पर्यवेक्षण सापडतं, पेपरवाले नियंत्रण लिहितात, आणि एका भाषांतराच्या ॲपने तर थेट 'संसदीय नजरचूक' असं दिलं, कारण इंग्रजीत त्या शब्दाचा तोही अर्थ आहेच. मला सरकारवर लक्ष ठेवणं, प्रश्न विचारणं, हिशेब तपासणं, समितीपुढे बोलावणं हे सगळं पोटात घेणारा एक शब्द हवाय. तुम्ही काय वापरता?

अनुस्वार:
पर्यवेक्षण नकोच, वाचणाऱ्याला परीक्षेचा हॉल आठवतो. देखरेख घ्या. साधा आहे, सगळ्यांना कळतो, आणि 'अमक्याच्या वतीने देखरेख' ही छटा त्यात आहे. ज्याचं काम चाललंय तो मालक दुसराच, आपण त्याच्या वतीने बघतोय. संसदेचं तेच असतं ना, मालक मतदार.

काना_मात्रा:
नियंत्रण कुठून आलं त्याबद्दल. फ्रेंचमध्ये संसदेच्या याच कामाला 'कोंत्रोल' म्हणतात आणि त्या शब्दाचं मूळ म्हणजे 'समोरची वही', एका नोंदवहीशी ताडून बघायला ठेवलेली दुसरी नोंदवही. म्हणजे मूळ अर्थ ताळा करून बघणं. इंग्रजीत त्याचा अर्थ लगाम हातात असणं असा होत गेला, आणि आपण नियंत्रण घेतलं ते त्या दुसऱ्या अर्थाने. म्हणून 'संसदेचं सरकारवर नियंत्रण असतं' असं वाचलं की वाटतं संसद सरकार चालवते, आणि ते कुठेच खरं नाही. चालवतं सरकार, संसद ताळा बघते. माझं मत, नियंत्रण टाळा.

वेलांटी:
हे छान सांगितलंत. पण मग छाननी का नको? 'विधेयकाची छाननी' आपण सर्रास म्हणतो.

अनुस्वार:
छाननी राहू द्या की, पण ती कागदाची. अर्जांची छाननी, विधेयकाची कलमवार छाननी. समोर ठरावीक काहीतरी असतं आणि ते चाळून घ्यायचं. खातं रोज कसं चाललंय यावर जे लक्ष असतं त्याला छाननी तोकडी पडते. आणि सगळं झाल्यावर मंत्र्याला उभं करून 'हे का केलंत' विचारणं, त्याला जाब विचारणं याच्याइतकं नेमकं मराठीत दुसरं काही नाही, त्याचं 'उत्तरदायित्व निश्चित करणे' करू नका प्लीज, वाक्य मरतं.

अजून एक, देखरेखीतसुद्धा दोन तऱ्हा आहेत. १९८४ मध्ये मॅककबिन्स आणि श्वार्ट्झ या दोघा अमेरिकन अभ्यासकांनी त्या वेगळ्या करून दाखवल्या. एक पोलिसांच्या गस्तीसारखी, म्हणजे समितीने आपणहून खाती तपासत फिरायचं. दुसरी आगीच्या घंटेसारखी, लोक, संघटना, पत्रकार यांनी घंटा वाजवली की मग धावायचं. त्यांचं म्हणणं असं की प्रतिनिधींना दुसरी जास्त परवडते, वेळ कमी जातो आणि ज्याची तक्रार सोडवली तो लक्षात ठेवतो. त्यामुळे काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, देखरेख करत नाही असा जो तेव्हा ओरडा होता तो गस्त मोजून केलेला होता, घंटेकडे कुणी बघितलंच नव्हतं. तुमच्या लेखात हे असेल तर गस्त आणि घंटा असंच ठेवा, मराठीत दोन्ही जसेच्या तसे चालतात.

वेलांटी:
आहे, आहे तो भाग. आणि त्याच्या पुढे 'ॲंटिसिपेटेड रिॲक्शन्स' येतं, तिथे मी 'अपेक्षित प्रतिक्रिया' लिहून ठेवलंय आणि ते वाचून मलाच काही कळत नाही.

काना_मात्रा:
त्याला आपल्याकडे शब्द आहे. वचक.

जरा सविस्तर लिहिते, कारण मला या विषयात सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं. संसद काय करते हे मोजायला लोक आधी मतदान मोजतात, सरकार किती वेळा हरलं, किती दुरुस्त्या फेटाळल्या, आणि आकडे बघून म्हणतात की ही तर रबर स्टॅम्प. पण सरकार हरण्याची वेळच येऊ देत नाही, विधेयक आणण्याआधी खासदार काय म्हणतील याचा अंदाज घेऊन मसुदाच बदलतं, त्याची नोंद कुठल्या आकड्यात पडणार? ब्रिटनचंच बघा. ऑगस्ट २०१३ मध्ये सीरियातल्या लष्करी कारवाईवर पंतप्रधान कॅमेरन यांचं सरकार २७२ विरुद्ध २८५ असं हरलं. त्यानंतर २०१५ मध्ये सीरियातल्या कारवाईचा विषय परत आला, या वेळी आयसिसविरुद्ध, तेव्हा कॅमेरन यांनी आधीच सांगितलं की स्पष्ट बहुमत दिसल्याशिवाय मी ठराव आणणार नाही, आणि डिसेंबरात आणला तेव्हा ३९७ विरुद्ध २२३ ने पास झाला. नुसतं २०१५ चं मतदान बघणारा म्हणेल सरकारचा मोठा विजय. पण मधली दोन वर्षं सरकार जे थांबलं तो २०१३ चा वचक.

दुरुस्त्यांचंही तसंच. मेग रसेल या ब्रिटिश अभ्यासक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनची १२ विधेयकं घेऊन त्यांवरच्या ४ हजारांहून जास्त दुरुस्त्या एकेक करून तपासल्या. वरवर बघितलं तर मंजूर झालेल्या जवळपास सगळ्या सरकारच्याच नावावर. पण प्रत्येकीचा माग काढत मागे गेलं की दिसतं, धोरणात खरा फरक करणाऱ्या बऱ्याचशा दुरुस्त्या आधी कुणा खासदाराने नाहीतर लॉर्ड्स या वरच्या सभागृहातल्या सदस्याने मांडलेल्या, मंत्र्याने तेव्हा 'विचार करतो' म्हणून ती मागे घ्यायला लावलेली, आणि पुढच्या टप्प्यावर सरकारने स्वतःच्या शब्दांत आणलेली. नाव सरकारचं, रेटा संसदेचा. इतकं किचकट काम कुणीतरी बसून करतं म्हणून तर 'संसद बिनकामाची' या वाक्याला पुराव्याने उत्तर देता येतं, मला या लोकांचं फार कौतुक वाटतं.

अनुस्वार:
वचक एकदम पटला. फक्त धाक आणि दरारा यांच्याशी गल्लत होईल का? धाक मोठ्यांचा असतो, त्यात शिक्षेची भीती आहे. दरारा माणसाच्या व्यक्तिमत्त्वाचा. वचक मात्र पदाचा, संस्थेचा, कायद्याचाही असू शकतो आणि त्याने समोरचा आधीच सांभाळून वागतो. 'प्रशासनावर वचक उरला नाही' म्हणतो तो हाच.

वेलांटी:
मग संसदेच्या ताकदीबद्दल लिहिताना? तिथे 'पॉवर्स' आणि 'कपॅसिटी' असे दोन शब्द आहेत, मी दोन्हीकडे क्षमता केलंय.

काना_मात्रा:
नका एक करू. पॉवर्स म्हणजे अधिकार. फिश आणि क्रोनिग या अभ्यासकांनी २००९ मध्ये जगभरच्या संसदांचा जो निर्देशांक काढला त्यात ३२ मुद्दे आहेत, मंत्र्याला चौकशीसाठी बोलावता येतं का, सरकार पाडता येतं का, असे, आणि त्यातले बहुतेक अधिकारांचे आहेत. फिश यांनी त्याच्या आधी, २००६ मध्ये, साम्यवादी राजवटी गेल्यानंतरच्या देशांबद्दल मांडलं होतं की जिथे सुरुवातीलाच संसदेला भक्कम अधिकार मिळाले तिथे लोकशाही जास्त टिकली. कपॅसिटी म्हणजे ते अधिकार वापरायचं बळ: समितीला स्वतःचे कर्मचारी आहेत का, अर्थसंकल्प वाचून दाखवणारे जाणकार आहेत का, वाचायला दिवस मिळतात का. कागदावर बोलवायचा अधिकार आहे आणि फाइल रात्री अकराला हातात पडते, मग वचक कसला. तिथे क्षमता लिहा, किंवा सरळ बळ.

वेलांटी:
ठरलं. वरचा शब्द देखरेख, विधेयकाला छाननी, मंत्र्याला जाब, आणि अपेक्षित प्रतिक्रिया खोडून वचक. एकच शंका, शीर्षकात 'संसदेची सरकारवरील देखरेख' की 'सरकारवर संसदेची देखरेख'?

अनुस्वार:
दुसरं. 'वरील' काढलं की वाक्य बोलल्यासारखं होतं.